झबल्याचा गळा सारखा का बिघडतो? अडकणं, घसरणं, लाटा येणं, टीप तुटणं: कारणं आणि दुरुस्ती

लहान मुलांच्या शिवणकामात तक्रारी नाना तऱ्हेच्या असतात, पण फिरून फिरून त्या गळ्यापाशी येतात. झबलं छातीत बसतं, बाह्या बरोबर, उंची बरोबर, आणि डोक्यातून मात्र जात नाही. पुढच्या वेळी गळा मोठा कापला की तो एका खांद्यावरून घसरतो. तेही जमवलं तर दोन धुण्यांत कडेला लाटा येतात किंवा पायपीन (काठावर गुंडाळून शिवलेली पट्टी) पिळते, आणि होजिअरी (विणीचं, ताणणारं कापड) असेल तर घालताना कट्‌कन आवाज होऊन टीप तुटते. दर वेळी दोष मशीनला दिला जातो. मशीनचा वाटा यात फार थोडा आहे. गळा बिघडतो तो बेतताना. माप छातीचं घेतलं जातं, डोक्याचं घेतलं जात नाही, आणि कापड न धुताच कात्री चालवली जाते.

खाली एकेक लक्षण घेतलं आहे. शिवून झालेला कपडा वाचवायचा असेल तर त्या त्या लक्षणाकडे थेट जा. नवीन बेतायचा असेल तर पहिले दोन भाग वाचल्याशिवाय कापडाला हात लावू नका.

आधी मोजा, मग उसवा

झबलं टेबलावर सपाट पसरा. टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरा आणि गळ्याच्या काठाकाठाने फिरवत न्या. आडवी टेप वळणावर नीट वळत नाही आणि माप चुकवते. पुढचा आणि मागचा काठ मिळून जे येईल तो गळ्याचा घेर. त्यात उघडणाऱ्या भागाच्या, म्हणजे मागच्या चिरेच्या किंवा खांद्यावरच्या बटणपट्टीच्या, लांबीची दुप्पट मिळवा. दुप्पट अशासाठी की चीर उघडली की तिच्या दोन्ही कडा घेरात येतात. ही बेरीज म्हणजे गळ्याचं खरं तोंड.

आता बाळाच्या डोक्याचा घेर घ्या: भुवयांच्या जरा वरून, कानांच्या वरून आणि मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर असतं तिथून. मलमल, पॉपलीन, खण अशा न ताणणाऱ्या कापडात तोंड डोक्याच्या घेरापेक्षा किमान १ इंच मोठं हवं. तेवढं नसेल तर गळा अडकणारच, शिवण कितीही सुबक असो. तोंड पुरेसं आहे आणि तरी त्रास होतो, तर दोष आकारात, पट्टीत किंवा टाक्यात शोधायचा.

छाती नव्हे, डोकं

मोठ्यांचे कपडे शिवून सरावलेला हात इथे हमखास चुकतो. मोठ्या माणसाचा गळा मानेभोवती बसतो की नाही एवढंच बघायचं असतं. तान्ह्या बाळाला मान जवळजवळ नसतेच, खांदे अरुंद असतात आणि डोकं अंगाच्या मानाने मोठं. जन्मताना डोक्याचा घेर छातीपेक्षा साधारण २ सेंटिमीटर जास्त असतो, वर्षाच्या आसपास दोन्ही सारखे होतात आणि मग छाती पुढे जाते. म्हणून छातीवरून अंदाजाने काढलेला गळा पहिलं वर्षभर लहानच पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यांतले मधले आकडे धरले तर डोक्याचा घेर जन्मताना ३४ सेंमीच्या आसपास (साडेतेरा इंच), तिसऱ्या महिन्यात ४० (पावणेसोळा इंच), सहाव्या महिन्यात ४२ ते ४३ (१७ इंच), वर्षाला ४५ ते ४६ (१८ इंच), दोन वर्षांना ४७ ते ४८ (१९ इंच) आणि तीन वर्षांना ४९ (साडेएकोणीस इंच) असतो. मुलींचा घेर मुलांपेक्षा साधारण एक सेंटिमीटरने कमी असतो. यातली एक गोष्ट शिवणाऱ्याने मनात पक्की ठेवावी: पहिल्या सहा महिन्यांत डोकं साडेतीन इंचांनी वाढतं आणि पुढच्या अडीच वर्षांत मिळून फक्त अडीच इंचांनी. तीन महिन्यांच्या बाळाला आज जेमतेम जाणारा गळा पुढच्या महिन्यात जाणार नाही. उलट दोन वर्षांच्या मुलाचा गळा वर्षभर पुरतो, त्याआधी उंचीच आखूड होते.

आता हिशोब. सहा महिन्यांच्या बाळाचं झबलं घ्या. दोन्ही खांद्यांच्या टोकांमधलं अंतर ८ इंच. गळ्याची रुंदी ४ इंच, पुढची खोली २ इंच, मागची अर्धा इंच. याचा घेर होतो सव्वादहा इंच. डोकं १७, त्यात सैल १, म्हणजे तोंड हवं १८. कमी पडतात पावणेआठ इंच. त्याचं अर्धं करा, जवळजवळ ४. म्हणजे मागची चीर ४ इंचांची हवी. घाईत दीड-दोन इंचांची चीर देऊन एक बटण लावलं जातं. तोंड सव्वाचौदा इंचच होतं आणि कपड्याला नाव पडतं 'लहान झाला'.

एका खांद्यावर बटणं लावली तरी पुरत नाही, तेही याच हिशोबात दिसतं. गळ्याची रुंदी ४ इंच असली की खांदा उरतो २ इंच. तो पूर्ण उघडला तरी मिळतात ४ इंच. दोन्ही खांदे उघडले तर ८ मिळतात आणि तोंड सव्वाअठरा होतं, म्हणजे काठावर पास. न ताणणाऱ्या कापडाच्या बाह्यांच्या झबल्यात एका खांद्याची बटणपट्टी नुसती शोभेची ठरते.

गळा वाढवायचाच असेल तर खोली वाढवा, रुंदी नको. रुंदी ५ केली की खांदा दीड इंच उरतो आणि बाळ हलताच झबलं दंडावर उतरतं. रुंदी खांद्यांच्या अंतराच्या निम्म्यापेक्षा जास्त जाऊ देऊ नये. पुढची खोली पाव-अर्ध्या इंचाने वाढली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

शिवून झालेला गळा अडकतो: दुरुस्ती

बाळ अजून बसायला लागलेलं नसेल तर मागे चीर देऊ नका. ते दिवसभर पाठीवर असतं, बटण आणि पट्टीची जाडी थेट मणक्यावर रुतते. अशा वेळी सगळ्यात सोपं म्हणजे पुढचा भाग मधोमध वरपासून खालपर्यंत कापून बंदाचं झबलं करणं. दोन्ही कापलेल्या कडांना क्रॉस (तिरक्या धाग्यात कापलेली) पट्टी लावा आणि छातीवर व पोटावर बंदांची एकेक जोडी. बंद ५ ते ६ इंच लांब पुरतात. गळ्याला बंद लावू नका, आणि प्रत्येक बंदाचं टोक पट्टीत घालून वर छोटा चौकोन शिवा. नुसत्या आडव्या टिपेवर लावलेला बंद ओढून निघतो, आणि निघालेला बंद बाळाच्या तोंडात जातो.

बसणाऱ्या मुलासाठी मागची चीर चांगली. ही पट्टी नेहमी तळाशी बिघडते, म्हणून जरा सविस्तर.

मागच्या भागाच्या मधोमध ४ इंचांची रेघ खडूने आखा. अजून कापू नका. गळ्याची पायपीन रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच उसवून ठेवा. रेघेच्या खालच्या टोकाभोवती इंचाला १५-१६ अशा बारीक टाक्यांनी अरुंद इंग्रजी व्हीच्या आकाराची टीप मारा. टोकाशी टीप रेघेला जेमतेम टेकलेली, वर जाता जाता रेघेपासून पाव इंच दूर. मग रेघेवर कापा, टोकाशी शेवटचा धागा-दोन धागे राखून.

पट्टी उभ्या धाग्यात घ्या, तिरकी नको: लांबी चिरेच्या दुप्पट अधिक १ इंच, म्हणजे ९ इंच, रुंदी दीड इंच. चीर फाकवून सरळ रेघेत आणा, सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून पट्टी जोडा. पट्टीची माया (टिपेबाहेर सोडलेलं कापड) सगळीकडे पाव इंच, पण चिरेची माया टोकाकडे कमी कमी होत मधोमध दोन धाग्यांवर येईल. इथेच चुणी पडते. सुई कापडात रोवून थांबा, मशीनचा पाय उचला, झबल्याचा जमा झालेला कपडा मागे सारा, पाय टेकवा, पुढे चला. पट्टीची दुसरी कड पाव इंच आत दुमडून टिपेवर हाताने हेम घाला. शेवटी चीर उलटीकडून जोडून पट्टीच्या तळच्या घडीवर तिरपी टीप मारा. ही तिरपी टीप राहिली की पट्टी बाहेर डोकावत राहते, आणि दर धुण्यानंतर बोटाने आत ढकलावी लागते. मग गळ्याची पायपीन पुन्हा शिवा, तिची टोकं चिरेच्या पट्टीवरून आत वळवून.

गळा बेतला त्यापेक्षा मोठा झाला

कागदावर सव्वादहा इंच होता, शिवल्यावर पावणेबारा भरतो. कापड ताणलं असेल असं वाटतं, पण पुष्कळदा हा निव्वळ भूमितीचा परिणाम असतो. गळ्याची कड पाव इंच आत शिवून उलटवली, म्हणजे आतून पट्टी किंवा अस्तर लावलं, की गळ्याची रेघ चहूबाजूंनी पाव इंच बाहेर सरकते आणि घेर सुमारे दीड इंचाने वाढतो. पायपीन कडेला वरून-खालून गुंडाळली तर घेर जसा कापला तसाच राहतो. म्हणून बेतण्याआधी ठरवा: गुंडाळायची पट्टी असेल तर गळा पक्क्या मापावर कापा, उलटवायची असेल तर चहूबाजूंनी पाव इंच लहान कापा. अनेक तयार पेपर पॅटर्नमध्ये माया धरलेली असते, काहींत नसते. कापण्याआधी ते बघून घ्या.

मोठा झालेला गळा लहान करायला उसवायची गरज नसते. पुढच्या मध्यावर पाव इंच खोलीच्या दोन उभ्या चुण्या घालून त्या दीड इंच खालपर्यंत शिवा. प्रत्येक चुणी अर्धा इंच खाते, दोन्ही मिळून एक इंच. फ्रॉकवर हे मुद्दाम केल्यासारखं छान दिसतं. मागे चीर असेल तर बटण आणि काज सरकवून पाऊण इंच जास्त चढवा. दोन्ही नको असेल तर उलटवलेली पट्टी काढून तिच्या जागी बाहेर दिसणारी पाव इंची पायपीन त्याच शिवणरेघेवर बसवा. ती आतल्या बाजूला जागा व्यापते, घेर परत दीड इंचाने कमी.

कडेला लाटा

गळ्याची गोलाई म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेलं कापड. कापल्या क्षणापासून ते ताणू लागतं: उचलताना, टाचण्या लावताना, मशीनच्या पायाखालून जाताना. लाट आली म्हणजे कड ताणलेली आहे आणि पट्टीने तो ताण तसाच पक्का केला आहे.

उपाय कापल्यानंतर लगेच करायचा असतो. झबलं मुंढा-बाही जोडण्यासाठी हातात घेण्याआधी गळ्याच्या कडेपासून ३ मिलिमीटर आत एक साधी टीप मारून टाका. पुढच्या भागावर ती डाव्या खांद्याकडून मध्याकडे आणि मग उजव्या खांद्याकडून मध्याकडे मारा, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्यापर्यंत सलग नको. मग तो भाग कागदाच्या खाक्यावर ठेवून बघा. जास्त भरला तर टिपेचा एखादा टाका ओढून कड परत मापात आणा.

पट्टी शिवून झाल्यावर लाट दिसली तर आधी ओल्या फडक्यावरून इस्त्री दाबा. सरकवायची नाही, दाबून उचलायची. सुती कापडात हलकी लाट एवढ्यानेच बसते. नाही बसली तर पट्टी उसवून कडेने धावदोरा घाला, तो ओढून गळा खाक्याच्या मापाला आणा, वाफ द्या, आणि नवी पट्टी लावा. जुनी पट्टी पुन्हा वापरू नका, तीही ताणलेली असते.

पायपीन पिळते किंवा गळा आवळते

पायपिनीची पट्टी बरोबर ४५ अंशांत कापलेली हवी. तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून साधारण तिरकी कापलेली पट्टी वळणावर पिळते, कारण तिचे धागे दोन्ही बाजूंना सारखे ताणत नाहीत. १२ इंचांचा चौकोन तुकडा कर्णावर दुमडून त्या घडीला समांतर सव्वा इंची पट्ट्या कापल्या तर जोडून साधारण १०० इंच उरेब, म्हणजेच क्रॉस, पट्टी मिळते. तेवढ्यात झबल्याचा गळा, दोन्ही बाह्या आणि पुढच्या कडा होऊन वर टोपऱ्यालाही उरते.

गळ्याची गोलाई आत वळणारी. तिथे पट्टी किंचित ओढून लावायची, १० इंच कडेला साधारण साडेनऊ इंच पट्टी. सैल लावली तर पायपीन मानेपासून उभी राहते. लाळेऱ्याची बाहेरची कड ही बाहेर वळणारी गोलाई, तिथे उलट करायचं: पट्टी जरा ढिली सोडायची, नाहीतर लाळेरं वाटीसारखं आत वळतं. सरळ कडेवर ओढायचंही नाही, ढिलं सोडायचंही नाही. एकाच हाताने सगळीकडे सारखं ओढलं जातं, म्हणून लाळेऱ्याच्या गळ्याची कड चांगली आणि बाहेरची बिघडलेली दिसते.

पीळ येतो तो दुसऱ्या टिपेत. वरची टीप मारताना मशीनचे दात खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा मागे राहतो. पट्टी दुमडल्यावर इस्त्री करा, टाचण्या शिवणीला आडव्या लावा, अंतर एक इंचापेक्षा जास्त नको, आणि दुसरी टीप पहिलीच्याच दिशेने मारा. तरीही पिळत असेल तर दुसरी बाजू हाताने हेम करा. नवजात बाळाच्या कपड्याला हाताचं हेमच बरं, कारण मानेला लागणारी दुसरी टीप वाचते आणि काठ मऊ राहतो.

होजिअरीत टीप तुटते किंवा टाके सुटतात

हे दोन वेगळे दोष आहेत. टाके सुटतात, म्हणजे मध्येच लांब टाका दिसतो, तेव्हा सुई बदला. होजिअरीला गोल टोकाची, ११ नंबरची सुई लागते. नेहमीची टोकदार सुई विणीचे धागे कापते, आणि मग धुतल्यावर शिवणीशेजारी बारीक भोकं पडून त्यांची शिडी होते.

टीप तुटते, तेव्हा टाका बदला. कापड ताणतं, सरळ टीप ताणत नाही. झिगझॅग असलेल्या मशीनवर रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर आणि लांबी अडीच मिलिमीटर ठेवा. इतका अरुंद झिगझॅग दिसायला सरळच दिसतो. पायाने चालणाऱ्या जुन्या काळ्या मशीनवर झिगझॅग नसतो. तिथे पॉलिएस्टर दोरा घ्या, वरच्या दोऱ्याचं टेन्शन थोडं सैल करा आणि शिवताना कापड पुढून-मागून हलकं ताणून धरा. ओढून पुढे न्यायचं नाही, ते काम दातांचं. ओढलं तर सुई वाकून तुटते. खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवायची रीत मलमलीला चांगली, पण होजिअरीच्या गळ्याला नको. कागदाने कापड ताणत नाही आणि टीप परत घट्टच बसते.

गळ्याला रिब (उभ्या रेघांच्या विणीची ताणणारी पट्टी) लावणार असाल तर तिची लांबी घेराच्या ८५ टक्के. घेर १४ असेल तर १२, अधिक जोडासाठी अर्धा इंच. रिब आणि गळा दोन्हीचे चार सारखे भाग करून खुणा जुळवा आणि फक्त रिब ताणा. रिब घेण्याआधी तिचा १० सेंटिमीटरचा तुकडा ओढून बघा. सहज १५ पर्यंत जाऊन परत मूळ मापावर आला तर ती गळ्याला चालेल. १२-१३ वर अडला तर खांद्याला उघडझाप द्यावीच लागेल. यात एकावर एक चढणारे खांदे सगळ्यात सोयीचे: पुढच्या आणि मागच्या भागाचे गळे आधी वेगवेगळे पायपीन करायचे, मग खांद्यावर दोन-अडीच इंच एकमेकांवर चढवून मुंढ्यापाशी कच्चा टाका घालायचा आणि बाही जोडायची. बटण नाही, आणि कपडा घाण झाला तर डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली उतरवता येतो. ज्यांनी तान्ह्याचं लंगोट बदललं आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

धुतल्यावर आवळला

सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, हातमाग आणि होजिअरी त्याहून जास्त, आणि होजिअरी रुंदीपेक्षा उंचीत जास्त. ५ टक्के म्हणजे सव्वादहा इंच गळ्याला अर्धा इंच आणि बारा इंच उंचीला अर्ध्या इंचाहून थोडं जास्त. मोठ्यांच्या सदऱ्यात हे पचतं, झबल्यात पचत नाही.

कापड कापण्याआधी घरी पुढे जसं धुणार तसंच धुवा. बाळाचे कपडे गरम पाण्यात धुणार असाल तर कापडही गरम पाण्यात. बाजारात मलमल म्हणून मिळणाऱ्या कापडात बरीच खळ असते. पहिल्या पाण्यात ती निघते, कापड पातळ होतं आणि पोत बदलतो. मुंबईच्या मंगळदास मार्केटमधून घेतलेलं असो की गल्लीतल्या दुकानातून, धुतल्याशिवाय त्याच्या जाडीवर विश्वास ठेवू नका. होजिअरी पिळून दोरीवर लटकवू नका, सपाट वाळवा.

कापड धुतलं आणि लेस, क्रॉस पट्टी, सुती बंद तसेच लावले, हीही नेहमीची गफलत. सुती लेस कापडापेक्षा जास्त आटते आणि गळा चुण्यांनी गोळा होतो. हे सगळं कापडाबरोबरच भिजवा. जुन्या नऊवारीचं किंवा धोतराचं दुपटं-झबलं करण्याची आपल्याकडची पद्धत या बाबतीत फार शहाणपणाची आहे. ते कापड आटून, मऊ होऊन, रंग जायचा तेवढा जाऊन बसलेलं असतं. फक्त ते उजेडात धरून बघा. विरलेल्या जागी गळा किंवा मुंढा येऊ देऊ नका, पाठ-पोट चालेल.

मलमलीला चुण्या

९ किंवा ११ नंबरची नवी सुई, इंचाला १२-१३ टाके, टेन्शन सैल. शिवण सुरू करताना दोन्ही दोरे मागे धरून ठेवा आणि आधी एका चिंधीवर चार टाके घालून तिथून कपड्यावर या, म्हणजे कड दातांच्या भोकात जात नाही. तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

बटण, टिचबटण, बंद

तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंसाठी वापरली जाणारी एक कसोटी उपयोगी पडते: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी सुटी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. झबल्याचं कुठलंही बटण, मणी, घुंगरू त्या नळीत सहज मावतं. म्हणून ते निघणार नाही असंच लावायला हवं, किंवा लावूच नये. बटणाच्या मागे कापडाचा दुहेरी तुकडा ठेवा, दोरा दुहेरी घ्या, प्रत्येक भोकजोडीतून किमान सहा वेळा न्या आणि शेवटी बटणाखाली दोऱ्याचे वेढे देऊन गाठ मारा. मग बोटांत धरून जोर लावून ओढा. टिचबटण एकपदरी होजिअरीवर लावलं तर चौथ्या-पाचव्या वेळी कापडासकट निघतं. खाली सुती कापडाची पट्टी हवीच.

टोपऱ्याचे बंद हनुवटीखाली येतात, ते झोपताना सोडावेत आणि टोपरंही काढावं. हातमोजे-पायमोजे शिवाल तर शिवण आतून इंटरलॉक करा किंवा दोन्ही माया दुमडून बंद करा. आत लोंबणारा एखादा दोरा बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि रक्त अडतं. बाळ रडतं, पण मोज्यामुळे कारण दिसत नाही. वापरण्याआधी मोजा उलटा करून प्रत्येक दोरा कापा, आणि दर धुण्यानंतर पुन्हा बघा.

भेट म्हणून शिवताना

बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला दुसऱ्याच्या बाळासाठी शिवायचं तर मूल समोर नसतं आणि गळ्याची चूक घालतानाच कळते. बारशासाठी नवजाताच्या मापाचं शिवू नका. तसे कपडे सगळेच आणतात आणि महिन्याभरात आखूड होतात. सहा महिन्यांचं माप घ्या, डोकं १७ इंच धरा, उघडझाप अर्धा इंच जास्त द्या. परदेशी पाठवायचं असेल तर कपडा पोहोचेल तेव्हा बाळ किती महिन्यांचं असेल आणि तिथे कुठला ऋतू असेल ते आधी मोजा. संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी काळ्या कापडाचं झबलं शिवताना रंगाची परीक्षा आवश्यक: ओलं पांढरं फडकं कापडावर घासा. फडक्यावर रंग उतरला तर कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. उतरतच राहिलं तर ते कापड बाळासाठी घेऊ नका, लाळ आणि घाम लागला की रंग मानेवर येतो.

खणाचा फ्रॉक किंवा परकर-पोलकं शिवताना गळ्याचा प्रश्न वेगळाच असतो. खण ताणत नाही, कडेचे धागे भराभर सुटतात आणि काठाचा कडकपणा मानेला टोचतो. गळ्याला खणाचीच पट्टी लावण्याचा मोह टाळा. धुतलेल्या मलमलीचं पूर्ण अस्तर घ्या आणि सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून गळा शिवा. मग मायेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर टिपेच्या दोन धागे अलीकडपर्यंत छोटे कट द्या. माया अस्तराकडे वळवून, अस्तरावर, शिवणीला लागून आणखी एक टीप मारा. ही टीप अस्तराला आत ओढून धरते, मलमल बाहेर दिसत नाही आणि मानेला फक्त मलमल लागते. उलटवलेला गळा आहे, तेव्हा खण आणि अस्तर दोन्ही गळ्याला पाव इंच लहान कापायला विसरू नका. खणाचे धागे सुटतात म्हणून इथे माया पाव इंचाहून कमी करू नका, आणि कट देण्याआधी मायेच्या कडेने एक बारीक झिगझॅग किंवा हाताचा धावदोरा घालून घ्या. मागची उघडझाप कंबरेपर्यंत न्या. पहिल्या वाढदिवसाला ते मूल पाहुण्यांच्या गर्दीत, रडत, घामेजलेलं असताना कोणीतरी घाईने कपडे बदलणार असतं, आणि खणाचा फ्रॉक डोक्यातून ओढून काढायची वेळ येऊ नये.